मांजर रोडावतंय? आधी काटा आणा

मांजर वाळत चाललं की घरात तीन उत्तरं तयार असतात. ‘उन्हाळा आहे’, ‘बोका आहे, फिरतोय कुठंतरी’ आणि ‘वय झालं आता त्याचं’. पहिली दोन थोड्या दिवसांपुरती खरी असू शकतात. तिसरं मला अजिबात पटत नाही. मांजर नुसतं म्हातारं झालं म्हणून हाडावर येत नाही. म्हातारपणी मांजराला थायरॉईड होतो, किडनी थकते, दात किडतात, साखर होते आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे. ‘वय झालं’ म्हटलं की तपासणी राहते, एवढंच होतं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे. दिवसभर काटापट्ट्या लिहायच्या, पोत्यांची वजनं मांडायची, बारदान वजा करायचं, हाच उद्योग. घरी गावभागात दोन मांजरं, भुरी आणि गोट्या, आणि अडतीत उंदरांसाठी ठेवलेला एक बोका. मी डॉक्टर नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जायच्या आधी घरच्या माणसानं काय बघायचं, काय लिहून न्यायचं आणि तिथं गेल्यावर काय विचारायचं, तेवढंच सांगतो.

वजन डोळ्यांनी करू नका

रोज समोर असलेलं जनावर हळूहळू बारीक होतं ते घरच्यांना दिसत नाही. दिवाळीला आलेली आत्या दारातूनच म्हणते, ‘अगंबाई, हिला काय झालं?’ त्यात मांजराच्या अंगावर केस, त्यामुळं खाली काय उरलंय ते कळत नाही. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन कमी झालं म्हणजे दहावा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो आपोआप उतरले तर घरचे त्याला दुसऱ्या दिवशी मिरजेला दवाखान्यात घेऊन जातील. मांजराचे ४०० ग्रॅम मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत.

वजन करायची नेहमीची युक्ती म्हणजे मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. म्हणजे इथं बारदान आपण. पण माणसं मोजायचा काटा शंभर-दोनशे ग्रॅम इकडंतिकडं दाखवतो. पोत्याला ते चालेल, मांजराला नाही, कारण आपल्याला नेमके तेच शंभर-दोनशे ग्रॅम पकडायचेत. किराणा दुकानात असतो तसला पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा सगळ्यात चांगला. घरात नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दुपारच्या निवांत वेळी विचारा, कुणी नाही म्हणत नाही. फार तर चार पोरं बघायला जमतात.

मांजर काट्यावर बसत नाही ही तक्रार हमखास येते. तिला धरून बसवायचंच नाही. बेदाण्याचा रिकामा पुठ्ठ्याचा बॉक्स काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा आणि बाजूला होऊन उभे राहा. सांगलीत बेदाण्याच्या बॉक्सला तोटा नाही आणि रिकामा बॉक्स दिसला की आत जाऊन बसणार नाही असं मांजर मी तरी पाहिलेलं नाही. गोट्या तर बॉक्स जमिनीला टेकायच्या आत उडी मारतो. आकडा स्थिर होईपर्यंत दोन दाणे आत टाका. लहान पिल्लांना स्वयंपाकघरातला छोटा काटा आणि एक पातेलं पुरतं.

वार आणि वेळ ठरवून घ्या. आमच्याकडं रविवारी सकाळी, खायला घालायच्या आधी. धडधाकट मांजराचं वजन महिन्यातून एकदा, म्हाताऱ्याचं पंधरवड्याला आणि संशय आला की दर आठवड्याला. एक साधी वही करा. तारीख, वजन, किती खाल्लं, पाणी, शी-शू, उलटी आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. या शेऱ्याच्या रकान्यात ‘सोफ्यावर उडी मारताना थांबली’, ‘रात्री ओरडली’ असलं बारीकसारीक लिहायचं. डॉक्टरांना बऱ्याचदा त्यातूनच धागा सापडतो.

आता आकडा वाचायचा कसा. पोट भरलेलं असेल, लघवी व्हायची असेल तर पन्नासेक ग्रॅम वरखाली होणारच, त्याला घाबरू नका. पण लागोपाठ तीन वजनं उतरतीच आली तर तो योगायोग नव्हे. मूळ वजनातून आताचं वजा करा, मूळ वजनानं भागा आणि शंभरानं गुणा. ४.२ किलोचं मांजर ३.८ वर आलं तर साडेनऊ टक्के गेले. पाच टक्क्यांच्या आसपास उतरलं की डॉक्टरांची वेळ घ्या. दहा टक्क्यांच्या जवळ आलं तर त्याच आठवड्यात जा, ‘बघू पुढच्या रविवारी’ नको. अर्थात तुम्ही मुद्दाम खाणं कमी करून जाड मांजर उतरवत असाल तर गोष्ट वेगळी.

आकड्याच्या जोडीला हात फिरवा. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावरून बोटं न्या, मग दोन्ही बाजूंनी फासळ्या, मग खुब्याची हाडं. निरोगी मांजराच्या फासळ्या हलक्या दाबानं लागतात, पण वर पातळ थर असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस गेलं की मणके एकेक मोजता येतात. फसायची जागा म्हणजे पोट. खाली लोंबणारी कातडीची पिशवी बघून ‘पोट तर आहे की’ असं वाटतं. पोट फुगलेलं आणि कणा मात्र टोचणारा, असं असेल तर काळजी जास्त. पिल्लू असेल तर जंत, तरणं मांजर असेल तर पोटात पाणीही असू शकतं.

मग वाटी बघा

वजन उतरतंय हे ठरलं की पुढचा प्रश्न एकच आहे. ते खातंय किती? या एका उत्तरावर पुढचा निम्मा रस्ता ठरतो.

इथं बहुतेक घरं गोंधळतात, कारण वाटी रिकामी झाली की मांजरानं खाल्लं असं धरतात. वाटी गोट्यानं संपवलेली असते, नाहीतर मागच्या दारानं आलेल्या बोक्यानं. एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर आठवडाभर प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, दार लावून, मोजून घाला आणि वीस मिनिटांनी उरलेलं परत मोजा. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे कोरडं पाकीटबंद खाणं असेल तर पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास. बऱ्याच पाकिटांवर किती वजनाला किती कॅलरी ते छापलेलं असतं, त्यावरून हिशोब करा.

भरपूर खातंय तरी वाळतंय

ही सगळ्यात फसवी तऱ्हा, कारण खाणारं मांजर आजारी असेल असं कुणाला वाटतच नाही. आमच्या भुरीचं बाराव्या वर्षी असंच सुरू झालं. वाटी चाटूनपुसून साफ, वर ओट्यावर उडी मारून आमच्या ताटातलं मागायची. रात्री दोनला माडीवर जाऊन मोठ्यानं ओरडायची. अंगावरचे केस विस्कटलेले, तेलकट. घरात सगळे खूश की म्हातारी कशी टुणटुणीत झाली. वहीत मात्र दर पंधरवड्याला आकडा खाली. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, गळ्यावरून खाली बोट फिरवलं आणि रक्तात टी-४, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, बघायला सांगितलं. थायरॉईड वाढलेला.

मांजरांतला हा आजार पहिल्यांदा १९७९ मध्ये अमेरिकेत नोंदवला गेला. आज म्हाताऱ्या मांजरांच्या नेहमीच्या आजारांत तो मोडतो. दहा वर्षांपुढचं मांजर, भूक वाढलेली, वजन घटलेलं, अस्वस्थ, हृदयाचे ठोके जलद, कधी उलट्या, कधी पातळ शी, असं चित्र दिसलं तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘टी-४ करायचा का?’ औषध मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल, रोज, बहुतेक वेळा जन्मभर. सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त तपासून डोस बसवतात. त्याच वेळी किडनीची तपासणीही पुन्हा करून घ्या. थायरॉईड वाढलेला असताना रक्त जोरात फिरतं, त्यामुळं किडनीचं दुखणं झाकलं जातं आणि गोळ्या सुरू झाल्यावर ते वर येतं. गोळीनं किडनी बिघडवली असा गैरसमज करून बरीच माणसं औषध बंद करतात. तसं करू नका.

भुरीचं हे कळल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाईंची थायरॉईडची गोळी आहेच की घरात, अर्धी देऊन बघा.’ हे कुणीही, कधीही करू नये. थायरॉईडचा त्रास असलेल्या माणसांत बहुतेकांचा तो कमी पडतो आणि घरात असते ती गोळी तो वाढवायची. मांजरात नेमकं उलटं. ती गोळी म्हणजे आगीत रॉकेल.

भरपूर खाऊन वाळण्याचं दुसरं मोठं कारण मधुमेह. खातंय, ढसाढसा पाणी पितंय, ट्रेमधली वाळू दुपटीनं भिजतेय आणि वजन उतरतंय. त्याच वहिनींच्या बोक्याचं निदान मुंग्यांनी केलं म्हणा ना. तो मोरीच्या कोपऱ्यात शू करायचा आणि तिथं लाल मुंग्यांची रांग लागायची. लघवीत साखर होती. अशा मांजराची मागची चाल बदललेली असू शकते, पंजांवर चालण्याऐवजी घोटा टेकवून चालतं. एक लक्षात ठेवा, घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यात नुसत्या भीतीनंही वर जाते. एकाच आकड्यावर मधुमेह ठरवत नाहीत. लघवीतली साखर बघतात, शक्य असेल तर फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी करतात, त्यातून साखरेची मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते. उपचार इन्सुलिनचे. सुई अगदी बारीक असते आणि मांजर खाण्यात गुंगलेलं असताना टोचली तर बहुतेकांना पत्ताही लागत नाही. लवकर सापडलं, इन्सुलिन नीट बसलं आणि खाण्यातलं पीठ कमी केलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढं सुटतंही.

तिसरं कारण जंत. अडतीतला बोका उंदीर खाणारा, अंगावर पिसवा. त्याच्या शेपटीखाली आणि बसायच्या पोत्यावर तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी दिसायचं, ताजं असताना हलायचं, वाळलं की तिळासारखं. ते पट्टकृमीचे तुटलेले तुकडे. जंताचं औषध दिलं की ते जातात, पण पिसवा राहिल्या तर महिन्या-दोन महिन्यांत परत, कारण हा जंत बहुतेक वेळा अंग चाटताना गिळलेल्या पिसवेतून होतो. औषध घेताना ते पट्टकृमीवर चालतं का हे विचारा, सगळी चालत नाहीत. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, वजनावर. वजन लागतं ते इथंही.

आणि खाल्लेलं अंगीच न लागणं. आतड्याची जुनाट सूज किंवा आतड्याचा हळू वाढणारा कर्करोग. दोन्ही सारखेच दिसतात. मधूनमधून उलटी, कधी पातळ शी, कधी काहीच नाही, फक्त वजन. हे शोधायला सोनोग्राफी लागते आणि नक्की सांगायला कधी आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. अशा मांजरांत बी-१२ जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी असतं. त्याची इंजेक्शनं स्वस्त आहेत आणि त्यानं भूकही सुधारते, म्हणून ‘बी-१२ बघायचं का?’ हे विचारायला लाजू नका.

वाटीशी येतंय आणि परत जातंय

भूक आहे पण खात नाही, असं मांजर ओळखायला पाच मिनिटं त्याच्यासमोर बसायला लागतं. ते वास घेतं, एक दाणा उचलतं, मान वाकडी करून एका बाजूनं चावतं, दाणा खाली पडतो. किंवा एकदम फिस्कारून मागं सरतं, जणू वाटीनंच चावलं. हे तोंडाचं दुखणं. तोंडाला घाण वास, लाळ, हनुवटी ओली, पंजानं तोंड पुसणं. ओठ हळूच वर करून मागच्या दाढांजवळ लालभडक रेघ दिसते का बघा. बऱ्याच मांजरांचे दात मुळापाशी विरघळतात आणि ते फार दुखतं. हिरड्यांची सूज काही मांजरांत एवढी असते की दात काढणं हाच उपाय उरतो. ऐकायला निर्दय वाटतं, पण काढल्यावर तीच मांजरं मऊ खाणं भराभर खाऊन भरतात.

वास घेऊन, ओठ चाटून, गिळल्यासारखं करून निघून गेलं तर मळमळ समजा. म्हाताऱ्या मांजरात त्याच्यामागं पहिला संशय किडनीचा. त्यात तहान आणि लघवी वाढलेली असते. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं, म्हणून नुसतं ‘क्रिएटिनिन बरं आहे’ यावर थांबू नका. लघवीची घनता बघायला सांगा. निरोगी मांजराची लघवी घट्ट असते, घनता साधारण १.०३५ च्या वर. मिळत असेल तर एसडीएमए ही तपासणी आधी इशारा देते. रक्तदाबही मोजायला हवा, वाढलेल्या दाबानं मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं.

पाणी घरी मोजता येतं. सकाळी वाटीत अर्धा लिटर मोजून ओता आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. आपल्याकडं एप्रिलमध्ये निम्मं पाणी हवाच पिते, म्हणून तेवढीच दुसरी वाटी मांजर पोचणार नाही अशा जागी, त्याच खोलीत ठेवा. तिच्यातलं जेवढं उडालं तेवढं वजा करा. कोरडं खाणाऱ्या मांजराला दिवसाला किलोमागं पन्नास मिलीच्या आसपास पाणी पुरतं. किलोमागं शंभरच्या पुढं गेलं तर नक्की काहीतरी बिघडलंय. ओलं खाणाऱ्या मांजरानं एवढं प्यायला लागावं हे तर आणखीच वाईट.

खातच नाही

इथं वही, काटा सगळं बाजूला. मोठ्या मांजरानं २४ तास तोंडाला काही लावलं नाही तर डॉक्टरांना फोन, दोन दिवस झाले तर जायलाच हवं. ‘आपण नाही का एकादशी करतो’ हे मांजराला लागू नाही. खाणं थांबलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत बंद पडायला लागतं. जाड मांजरं यात लवकर सापडतात. डोळ्यांचा पांढरा भाग, कानाची आतली बाजू पिवळी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. पिल्लाच्या बाबतीत तर अर्धा दिवससुद्धा फार झाला.

तरणं मांजर, वर्षा-दोन वर्षांचं, ताप उतरत नाही, पोट पाण्यानं फुगतंय आणि पाठ वाळतेय, असं असेल तर एफआयपी या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराचा संशय घेतात. पूर्वी त्याचं नाव घेतलं की संपलंच. आता जीएस-४४१५२४ या औषधानं बरीच मांजरं वाचतात. तेव्हा कुणी ‘याला इलाज नाही’ म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

घरातलीच कारणं

आजार शोधायच्या नादात साधं विसरू नका. सांगलीत शाकाहारी घरं बरीच, आणि त्या घरांतलं मांजर दूध-चपाती, दही-भातावर असतं. मांजर मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं आणि शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की हृदय मोठं होऊन थकतं आणि नजरही जाते. मोठ्या मांजरांना दूध पचेलच असं नाही, पातळ शी होऊन वजन उतरतं. घरात मांस शिजत नसेल तर काही हरकत नाही, मांजराचं पाकीटबंद खाणं आणा. कुत्र्याचं नको, त्यात मांजराला लागतं तेवढं टॉरिन असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे धास्ती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आम्ही मांजरांना घेऊन विश्रामबागेत मेहुण्याकडं गेलो. गोट्या दोन दिवसांत त्या घराचा मालक झाला. भुरी कपाटाखालून बाहेर येईना. तिथंच, कपाटाखाली, आमच्या घरातल्या पांघरुणावर वाटी सरकवली तेव्हा कुठं रात्री सगळे झोपल्यावर खायला लागली. नवीन मांजर, घरात बाळ, रंगकाम, घरातलं माणूस जाणं, या सगळ्यानं मांजर खाणं सोडतं. वाटी आणि ट्रे लांबलांब ठेवा. दोन मांजरं असतील तर दबणाऱ्या मांजराला वर, कपाटावर, जिथं दुसरं येणार नाही तिथं खायला द्या. पण आठ-दहा दिवसांत वजन सावरलं नाही तर धास्तीला दोष देत बसू नका.

डॉक्टरांकडं

आपल्याकडं बरेच पशुवैद्य गाई-म्हशींत आणि कुत्र्यांत मुरलेले. त्यात वाईट काही नाही, जिल्हाच दुधाचा. पण मांजर नियमित बघणारे कोण हे आधी विचारून घ्या. एक पानावर लिहून न्या. वय, नर की मादी, नसबंदी, लसी, शेवटचं जंताचं औषध कधी आणि कुठलं, वजनांची यादी, खाणं वाढलं की घटलं, पाणी, उलटी, शी, बाहेर जातं का. चालताना किंवा ओरडताना काही विचित्र वाटलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर ते मुळीच करून दाखवत नाही. ताजी शी छोट्या डबीत.

बास्केट आदल्या दिवशी माळ्यावरून काढू नका. आठवडाभर आधी खोलीत उघडी ठेवा, आत जुनी साडी अंथरा, कधीमधी खाऊ टाका. स्कूटरवर मांडीत मांजर घेऊन जाणारी माणसं रोज दिसतात. कॉलेज कॉर्नरच्या गर्दीत एक हॉर्न वाजला की ते मांजर कुणाच्या बापाला सापडत नाही.

पहिल्या फेरीत साधारण एवढं व्हायला हवं. नाकापासून शेपटीपर्यंत तपासणी, तोंड उघडून दात, ताप, हिमोग्राम, किडनी-लिव्हर-साखर, लघवी, शी आणि सात-आठ वर्षांपुढं टी-४. भटक्या मांजरांत मिसळणारं असेल तर एफआयव्ही आणि फेल्व्ह या मांजरांतल्या दोन विषाणूंची चाचणी. सगळं एकदम परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि क्रम विचारून घ्या, चांगले डॉक्टर लावून देतात. रक्त माणसांच्या लॅबमध्ये गेलं असेल तर रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ ओळ माणसाची असते. ती वाचून घरी निष्कर्ष काढू नका, मांजराच्या मर्यादा वेगळ्या.

पहिल्या फेरीत काही सापडलं नाही तर ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी बसायचं नाही. पुढची पायरी छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, बी-१२. इथं सोय नसेल तर शिरवळला जा. पुण्याकडं जाताना खंबाटकी घाट उतरल्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नाव आमच्याच जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रच्या माणसाचं. जाण्याआधी फोन करून कुठल्या दिवशी काय होतं ते विचारा, म्हाताऱ्या मांजराला उगाच हायवेवर हेलपाटा नको.

जे देऊ नका

पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, काहीही नाव असो, एका गोळीनंही मांजर मरू शकतं. माणसांच्या इतर वेदनाशामक गोळ्याही नकोत. कुत्र्याच्या गोचिडांचे मानेवर टाकायचे थेंब, ज्यात परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहेत. कांदा-लसणाची फोडणी घातलेलं चिकन नको. ‘भूक लागायचं टॉनिक’ मेडिकलमधून आणून पाजू नका, कारण कळायच्या आत भूक वाढवली तर आजार झाकला जातो. आणि हळद. माझं पोट हळदीवर चालतं, तरी सांगतो, दुधात हळद घालून थायरॉईड, किडनी, जंत यातलं काही बरं होत नाही. दुकान-गोदामात उंदराचं विष टाकत असाल तर मांजर तिथं ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर तेही जाऊ शकतं.

औषध सुरू असताना अंग भरायचं कसं

खाणं कोमट करून द्या. मांजर नाकानं जेवतं, फ्रिजमधल्या गार चिकनला वासच नसतो. साधं उकडलेलं चिकन, मीठमसाला न घालता, त्याचंच पाणी वर दोन चमचे. दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं, पसरट बशीत, मिशा कडेला घासणार नाहीत अशा. तोंडात जबरदस्तीनं कोंबू नका, मळमळणाऱ्या मांजराला त्या खाण्याचीच शिसारी बसते. मळमळ थांबवायची आणि भूक लागायची औषधं डॉक्टरांकडं असतात, ती आधी मागा. किडनीचं निदान झालं असेल तर खाण्याचा बदल हळूहळू, आठ-पंधरा दिवसांत. खास पथ्याचं पाकीट मांजर हुंगतही नसेल तर जे खातंय ते खाऊ द्या आणि डॉक्टरांना सांगा. उपाशी ठेवून पथ्य पाळण्यात अर्थ नाही.

गोळी दिल्यावर पाच मिली पाणी सिरिंजनं गालाच्या बाजूनं सोडा, नाहीतर थोडं ओलं खाणं द्या. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकू शकते. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक अडकलं तर तिथं जखम होऊन नळीच आकसू शकते.

वजन परत येताना घाई करत नाही. आठवड्याला पन्नास ग्रॅम चढले तरी चांगलं चाललंय म्हणायचं. नुसतं उतरायचं थांबलं तरी पहिल्या महिन्यात मी तो फायदाच धरतो. भुरीचा आकडा गोळ्या लागू पडल्यावर आधी तिथंच खिळला आणि मग हळूहळू वर गेला. आता ती पंधरवड्याला बॉक्समध्ये बसते, तीन-चार महिन्यांनी रक्त देते आणि गोळी मात्र अजून थुंकते. थुंकलेली गोळी कुठं पडते ते ठाऊक झालंय, फ्रिजच्या मागं.